शाळेच्या उंबरठ्यावरचा पोलीस

मुलुंडच्या एका वाचकभगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत हातीं आलें. त्यांच्या मुलाच्या शाळेंत पालकसभा भरली होती. शाळेंत एक पोलीस अधिकारी कायमचा बसवावा, अशी मागणी सरकारकडे करावी कीं काय, हा विषय तेथें निघाला. सभा संपली, पण वाद संपला नाहीं. तो घरीं आला. "सासरे म्हणतात, विद्येच्या मंदिरांत पोलिसाचें काय काम? धाकटे दीर म्हणतात, आतांच्या दिवसांत त्याच्यावांचून चालायचें नाहीं. जाऊबाईंना मुलींची काळजी लागली आहे. आणि माझा मुलगा थोडा दांडगा असल्यामुळें मला निराळीच भीति वाटते. आपण आयुष्य शाळेंत घालविलें आहे. आपणांस काय वाटतें, तें एकदां सदरांतून लिहावें," असें त्या लिहितात.

एकाच घरांत चौघांचीं चार मतें, आणि प्रत्येकाच्या मतांत कांहीं तथ्य आहे. असा वाद ज्या घरांत होतो तें घर जागें आहे, असें मी समजतों. म्हणून विषय जरा सविस्तर घेतों.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. आपल्या उपनगरांतील शाळांत कायमचा नेमलेला पोलीस अधिकारी अशी पद्धत नाहीं. परंतु पोलिसांचा आणि शाळेचा संबंधच नाहीं, असेंही नाहीं. मुंबई पोलिसांचा 'पोलीस दीदी' हा उपक्रम पुष्कळांना ठाऊक असेल. स्त्री-पोलीस शाळेंत येतात, लहान मुलामुलींना कोणता स्पर्श मायेचा व कोणता वाईट हें सोप्या भाषेंत समजावितात, आणि असें कांहीं घडल्यास कोणाला सांगावें, तेंही सांगतात. सप्टेंबर २०२१ मध्यें अंधेरी पूर्वेच्या साकीनाका भागांत एका स्त्रीवर अमानुष अत्याचार होऊन तिचा अंत झाला. त्यानंतर शहरांतील पोलीस ठाण्यांत 'निर्भया पथकें' नेमण्यांत आलीं. शाळा-महाविद्यालयांच्या परिसरांत फिरणें हें त्यांचें एक काम आहे. शिट्टी वाजवून रस्त्यावर रहदारी आवरणारीं 'आर. एस. पी.'चीं मुलें तर आपण अनेक वर्षें पाहत आलों. केरळांत सन २०१० मध्यें विद्यार्थी-पोलीस-छात्र योजना सुरू झाली, आणि जुलै २०१८ मध्यें केंद्र सरकारनें ती देशभर नेण्याचें ठरविलें. तींत आठवी-नववीच्या मुलांना कायदा, शिस्त आणि नागरिकाचीं कर्तव्यें यांचे धडे मिळतात.

ही सगळी मंडळी शाळेंत येतात, आपलें काम करितात आणि जातात. मुलुंडच्या सभेंतील मागणी मात्र बसविण्याची आहे. येणें आणि बसणें यांत किती अंतर आहे, हें आपल्या समाजास निराळें सांगावयास नको. पाहुणा म्हणून आलेल्या जांवयाचा मान वेगळा, आणि घरजांवई होऊन राहिलेल्याची गोष्ट वेगळी!

जेथें पोलीस शाळेंत कायम बसला, तेथें काय झालें, हें पाहण्यासाठीं अमेरिकेकडे वळावें लागतें. सन १९५० नंतरच्या दशकांत मिशिगन राज्यांतील फ्लिंट गांवीं ही प्रथा सुरू झाली. हेतु चांगला होता. मुलांची आणि पोलिसांची ओळख व्हावी, परस्परांविषयीं विश्वास वाढावा, एवढाच. पुढें एप्रिल १९९९ मध्यें कोलोरॅडो राज्यांतील कोलंबाइन येथें दोन विद्यार्थ्यांनीं आपल्याच शाळेंत बंदुकी चालविल्या, तेव्हां सारा देश हादरला आणि ठिकठिकाणीं शाळांतून पोलीस नेमण्याची घाई झाली. या घाईंत एक गोष्ट फारशी कोणी ध्यानांत घेतली नाहीं. कोलंबाइनच्या शाळेवर त्या दिवशीं सशस्त्र पोलीस नेमलेला होता, त्यानें गोळ्याही झाडिल्या. तरी अनर्थ टळला नाहीं. फेब्रुवारी २०१८ मध्यें फ्लोरिडांतील पार्कलंड येथें सतरा जीव गेले, आणि शाळेवर नेमलेला पोलीस इमारतीच्या बाहेरच थांबला. मे २०२२ मध्यें टेक्सास राज्यांतील युवाल्डी येथें एकोणीस लेंकरें आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तेथील शाळाखात्याचें तर स्वतःचें पोलीसदल होतें. पुढें शेंकडों पोलीस गोळा झाले, आणि वर्गाचें दार उघडण्यास एक तासाहून अधिक वेळ लागला.

असा प्रसंग एखाद्याच शाळेवर येतो. परंतु पोलीस रोज तेथें बसलेला असतो; मग रोज तो काय करितो? जें समोर येईल तें. आणि शाळेंत समोर येतें तें मुलांचें भांडण, उद्धटपणा, पळापळ, फोडाफोड. पूर्वीं ज्या गोष्टीसाठीं मुलाला बांकावर उभें करीत, तिच्यासाठीं त्याला ठाण्यावर नेण्यांत येऊं लागलें. आणि गरीबांच्या व काळ्या लोकांच्या मुलांच्या वांट्याला हें अधिक आलें, असें तेथील अनेक अभ्यासकांनीं दाखविलें आहे. जून २०२० मध्यें मिनियापोलिस शहराच्या शाळामंडळानें पोलिसांशीं असलेला आपला करारच मोडला. यांत पोलिसाला दोष देण्याचें कारण नाहीं. सुताराला बोलावून घरांत बसविलें, तर तो लांकूडच तासणार. ज्याचें शिक्षण अपराध शोधण्याचें आहे, त्याला अपराध दिसणारच.

येथें मला आपल्या भाषेंतील एका धातूची आठवण होते. संस्कृतांत 'शास्' धातूचे दोन्ही अर्थ आहेत, शिकविणें आणि आज्ञेंत ठेवणें. 'शास्त्र' त्यापासून, 'शासन' त्यापासून, आणि 'शिष्य' हा शब्दही त्यापासूनच. शिष्य म्हणजे शिकविण्याजोगा. राज्याचें शासन आणि गुरूचें शासन हीं एकाच मुळाचीं दोन फळें आहेत, पण त्यांचा रस एक नाहीं. राज्याचें शासन विचारतें, 'हें कोणीं केलें?' गुरूचें शासन विचारतें, 'यानें हें कां केलें, आणि उद्यां तो काय करील?' पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं पोलिसाचें काम संपतें, आणि तें तसें संपलें पाहिजे. शिक्षकाचें काम तेथून सुरू होतें. हीं दोन कामें एकाच्या हातीं दिलीं, तर दुसरें काम पहिल्यांत बुडून जातें.

महाभारताच्या आदिपर्वांत मांडव्य ऋषींची कथा आहे. ती आपल्यापैकीं कित्येकांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. पण ती या दृष्टीनें पुनः वाचण्याजोगी आहे. ऋषि आश्रमाच्या दाराशीं मौनव्रत धरून तप करीत होते. चोरांच्या मागें राजाचे रक्षक लागले होते, म्हणून चोर लुटीचा माल घेऊन त्या आश्रमांत दडले. रक्षकांनीं येऊन ऋषींना विचारलें, 'चोर कोणत्या वाटेनें गेले?' ऋषि बोलले नाहींत. रक्षकांनीं आश्रम शोधला. चोरही सांपडले, मालही सांपडला. मग त्यांना ऋषींचाच संशय आला. चोरांबरोबर त्यांनाही राजापुढें नेलें, आणि राजानें चौकशीवांचून सर्वांना सुळावर चढविलें. ऋषि तपोबलानें जगले. राजानें पुढें क्षमा मागून त्यांना उतरविलें.

नंतर मांडव्यांनीं धर्मराजाला गांठून विचारलें, 'मीं असें कोणतें पाप केलें होतें?' धर्म म्हणाला, 'लहानपणीं तुम्ही गवताची काडी घेऊन किड्यांना टोंचीत असां, त्याचें हें फळ.' ऋषि संतापले. अल्प अपराधाला एवढा मोठा दंड, आणि तोही अजाण वयांतल्या! त्यांनीं धर्मालाच दासीच्या पोटीं जन्म घेण्याचा शाप दिला, आणि तोच विदुर झाला. जातां जातां त्यांनीं एक मर्यादा घालून दिली. चौदा वर्षांच्या वयापर्यंत केलेलें कर्म पाप म्हणून मोजलें जाणार नाहीं.

या कथेंतले रक्षक दुष्ट नाहींत. ते आपलें काम करीत होते, आणि चोर त्यांनीं खरोखरच पकडले. परंतु आश्रमांतील मौन त्यांना वाचतां आलें नाहीं. ज्यानें तीस वर्षें वर्ग सांभाळला आहे त्याला विचारा. मुलें गप्प बसतात तीं किती प्रकारें गप्प बसतात! एक मूल गप्प असतें अपराधामुळें, एक मित्राला वांचविण्यासाठीं, एक घरच्या मारापायीं, आणि एक नुसतें भेदरून. खाकी गणवेश समोर उभा राहिला म्हणजे चौघेंही सारखींच गप्प होतात. आणि चौकशी करणाऱ्याला तें मौन कबुलीसारखें वाटतें. शिक्षकाला तें वेगळें वाटतें, कारण त्यानें तें मूल कालही पाहिलें होतें आणि परवांही.

मांडव्यांची मर्यादा केवळ पुराणांत राहिली असेंही नाहीं. आजच्या भारतीय न्यायसंहितेनुसार सात वर्षांखालील बालकाचें कोणतेंही कृत्य अपराध ठरत नाहीं. सन २०१५ च्या बालन्याय कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें, आणि प्रत्येक पोलीस ठाण्यांत निदान एक बालकल्याण पोलीस अधिकारी असावा, असें बंधन घातलें. बालकाला कोठडींत ठेवूं नये, चोवीस तासांच्या आंत बालन्याय मंडळापुढें न्यावें, असें तो कायदा सांगतो. त्याखालील सन २०१६ च्या नियमांत आणखी पुढें जाऊन सांगितलें आहे कीं, बालकाला बेडी घालूं नये. निदान सात वर्षें शिक्षेचा घोर अपराध नसेल, आणि त्यांत एखादा प्रौढ सामील नसेल, तर प्रथम खबरही नोंदवूं नये. ठाण्याच्या रोजवहींत नोंद करून मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाकडे द्यावा.

परंतु मला सर्वांत मोलाचें वाटतें तें एक लहानसें कलम. लैंगिक अपराधांपासून बालकांचें रक्षण करणारा सन २०१२ चा जो कायदा 'पोक्सो' नांवानें परिचित आहे, त्याचें चोविसावें कलम असें आहे: पीडित बालकाचा जबाब त्याच्या घरीं, अथवा त्याला आवडेल त्या ठिकाणीं घ्यावा, शक्यतों उपनिरीक्षकाहून कमी दर्जाची नसलेल्या स्त्री-अधिकाऱ्यानें घ्यावा, आणि जबाब घेतांना अधिकारी गणवेशांत नसावा. वाचकहो, यांत केवढें शहाणपण आहे पाहा! ज्या राज्यानें पोलिसाला गणवेश दिला, तेंच राज्य त्याला सांगतें कीं, लेंकराजवळ बसावयाचें असेल तर तो बाहेर काढून ठेव. मग तोच गणवेश शाळेच्या व्हरांड्यांत सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसावा, अशी मागणी आपण कोणत्या तोंडानें करावी?

मुलाला पोलिसाच्या हवालीं करणें किती महाग पडतें, याचें एक उदाहरण लंडनचें आहे. डिसेंबर २०२० मध्यें हॅकनी भागांतील एका शाळेंत पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी परीक्षेला बसली होती. तिच्या अंगाला गांजाचा वास येतो अशी शिक्षकांना शंका आली. त्यांनीं पोलीस बोलाविले. पोलिसांनीं, आईला न कळवितां, जवळ कोणी वडीलधारें माणूस न ठेवतां, त्या मुलीची विवस्त्र झडती घेतली. कांहींही सांपडलें नाहीं. मार्च २०२२ मध्यें त्या प्रकरणाचा अहवाल बाहेर आला आणि सारें शहर खजील झालें. जून २०२५ मध्यें दोन पोलीस बडतर्फ झाले. पण शंका आल्याबरोबर आईला फोन करण्याऐवजीं ज्यांना पोलीस सुचला, त्या शाळेच्या खोलींत त्या दिवशीं जें हरवलें, तें कोणाला बडतर्फ करून परत येणार नव्हतें.

येथपर्यंत वाचून मुलुंडचे आजोबा प्रसन्न झाले असतील. 'मी म्हणत नव्हतों, पोलिसाचें शाळेंत काय काम?' असें म्हणून त्यांनीं अंक धाकट्या चिरंजीवांपुढें सरकविलाही असेल. त्यांनीं क्षणभर थांबावें. कारण याच्या उलट दिशेचा दोष आपल्यांत, म्हणजे आपल्या सुशिक्षित, अब्रूदार समाजांत, अधिक आहे.

मीं ज्या शाळांतून काम केलें त्यांपैकीं एकींत एकाच वर्षीं घडलेल्या दोन गोष्टी सांगतों. दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या चार मुलांनीं उरलेला सुतळी बॉम्ब शाळेच्या मोरींत लावला. दोन नळ आणि एक हात धुण्याचें भांडें फुटलें. कोणाला इजा झाली नाहीं. संस्थेच्या एका चालकांनीं लगेच फर्माविलें, "फौजदारांना बोलवा. एकदां खाकी कपडे पाहिले म्हणजे सरळ होतील." वर्गशिक्षकांनीं नम्रपणें पण ठाम नकार दिला. मुलांचे पालक आले, नुकसान त्यांनीं भरलें, आणि नळ बसविणाऱ्या माणसाच्या हाताखालीं त्या चौघांनीं दोन संध्याकाळ काम केलें. पुढें तीं मुलें दहावी झालीं, आपापल्या मार्गाला लागलीं. त्या प्रकरणाची कोठेंही नोंद नाहीं, आणि ती नसावी हेंच योग्य.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिसरींतली एक मुलगी शाळेच्या गाडींत बसेना. रोज रडे, रोज पोट दुखे. आईनें हळूहळू विचारलें तेव्हां गाडीवरच्या मदतनिसाची करणी बाहेर आली. आई शाळेंत आली. तेच चालक, तीच खुर्ची, आणि आतां ते म्हणाले, "ताई, मुलीचेंच नांव खराब होईल. आम्ही त्या माणसाला उद्यांच काढून टाकतों. तुम्ही विषय वाढवूं नका." तिच्या वर्गशिक्षिका बाई त्याच संध्याकाळीं आईबरोबर ठाण्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशीं एक स्त्री-अधिकारी साध्या साडींत मुलीच्या घरीं आल्या, तिच्याशेजारीं चटईवर बसल्या, आणि तासाभरानें मुलीनें सारें सांगितलें. चालकांच्या सल्ल्यानें तो माणूस नुसता काढून टाकला असता, तर पुढच्या महिन्यांत तो दुसऱ्या एखाद्या शाळेच्या गाडीवर चढला असता. आपल्या शाळेची अब्रू राखण्यासाठीं दुसऱ्या कोणाची तरी मुलगी आपण त्याच्या हवालीं केली असती.

जेथें शिक्षक पुरेसा आहे तेथें आपण पोलीस बोलावितों, आणि जेथें पोलिसावांचून गत्यंतर नाहीं तेथें आपण दार लावून घेतों. या वादाचें सारें मर्म मला यांत दिसतें. दोन्ही वेळां आपण मुलाचा विचार करीत नाहीं; पहिल्या वेळीं आपल्या सोयीचा करितों, दुसऱ्या वेळीं आपल्या नांवाचा.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरला जें घडलें तें अद्याप कोणी विसरलें नसेल. शाळेंत जाणाऱ्या सुमारें चार वर्षांच्या दोन मुली, शाळेच्याच सफाईकामावरील माणसावर आरोप, आणि तक्रार नोंदविण्यासाठीं पालकांना ठाण्यांत तासन्‌तास ताटकळावें लागलें. २० ऑगस्ट रोजीं लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन प्रकरण हातीं घेतलें, आणि शाळा व पोलीस दोघांनाही धारेवर धरलें. घडलेलें वेळीं कळविलें नाहीं म्हणून शाळेच्या चालकांवरही गुन्हा नोंदला गेला. राज्याच्या शालेय शिक्षण विभागानें त्याच महिन्यांत शाळांना बजाविलें: कॅमेरे बसवा, तक्रारपेटी ठेवा, कर्मचारी नेमतांना पोलिसांकडून त्यांच्या चारित्र्याची पडताळणी करून घ्या, 'सखी सावित्री' समित्या कामाला लावा.

पोक्सो कायदा याबाबत संदेह ठेवीत नाहीं. ज्याला कोणाला अशा अपराधाची माहिती आहे त्यानें ती पोलिसांना दिलीच पाहिजे, असें त्याचें एकोणिसावें कलम सांगतें. त्यांत आई, आजी, शिक्षक, डॉक्टर सर्व आले. न कळविणें हाच एक अपराध आहे. संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्या माणसाचें कृत्य दडपलें तर त्याला एक वर्षापर्यंत कारावास होऊं शकतो. आणि सद्भावनेनें खबर देणाऱ्यावर, ती पुढें सिद्ध झाली नाहीं तरी, कोणतेंही बालंट येत नाहीं. 'पुरावा नसतांना कसें जावें?' ही सबब कायद्यानेंच काढून घेतली आहे. पुरावा शोधणें हें पोलिसाचें काम. सांगणें हें आपलें.

मग केव्हां बोलवावें आणि केव्हां नाहीं, हें ओळखावें कसें? धाकट्या दिरांचा प्रश्न येथें रास्त आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें अहमदाबादेंत शाळा सुटल्यानंतर एका आठवींतल्या मुलानें दहावींतल्या मुलाला चाकूनें भोंसकलें, आणि तो मुलगा गेला. दप्तरांत चाकू येऊं लागल्यावर शिक्षकानें काय करावें? मुलाच्या जिवाला, शरीराला किंवा लाजेला धोका असेल, अथवा एखाद्या प्रौढानें मुलाचा गैरवापर केला असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां पोलीस. हत्यार, मादक पदार्थ पुरविणारा माणूस, लैंगिक छळ, मुलाला पळविण्याचा प्रयत्न हीं त्याचीं उदाहरणें. बाकी सर्व, म्हणजे मारामारी, शिवीगाळ, नक्कल, लहानसहान चोरी, भिंतीवरचीं चित्रें, हें शाळेचें आणि घराचें काम. पण चाकू दप्तरांत येण्यापूर्वीं भांडण मनांत येतें. तें मधल्या सुटींत धुमसत असतें, आणि कोण कोणाशीं बोलेनासें झालें, कोणीं डबा एकट्यानें खाल्ला, हें पाहणारा डोळा शिक्षकाचाच असावा लागतो. साठ मुलांच्या वर्गांत तो डोळा पुरा पडत नसेल, तर सरकारकडे मागणी करावयाची ती आणखी एका शिक्षकाची, आणि मुलांचें मन जाणणाऱ्या समुपदेशकाची. पोलिसाची मागणी त्यानंतर.

शाळेच्या दाराबाहेर मात्र पोलिसाला पुष्कळ काम आहे, आणि तें आपण मागितलें पाहिजे. सन २००३ च्या तंबाखूविषयक कायद्यानें शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत सिगारेट-तंबाखू विकण्यास बंदी आहे. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली कोठेंही जा. शाळेच्या फाटकापासून पावलें मोजीत चाला, आणि शंभराच्या आंत पानाची टपरी लागते कीं काय, तें पाहा. शाळा सुटतांना स्वामी विवेकानंद मार्गावर किंवा लालबहादुर शास्त्री मार्गावर रिक्षा, मोटारी, शाळेच्या गाड्या आणि लेंकरें यांची जी झुंबड उडते, तेथें अर्धा तास एक पोलीस उभा राहिला, तर किती मातापित्यांचा जीव भांड्यांत पडेल! गाडीचा चालक, मदतनीस, पहारेकरी यांची पडताळणी वेळच्या वेळीं होते कीं नाहीं, हें पालकसभेनें मुख्याध्यापकांना दरवर्षीं जून महिन्यांत विचारावें. या गोष्टींना नवा कायदा नको, नवा अधिकारीही नको. असलेल्याचा पाठपुरावा हवा.

शेवटीं एक शब्द घरांतील मंडळींसाठीं. आपल्या कितीतरी घरांत मूल जेवेना, झोपेना, हट्ट धरी, म्हणजे म्हणावयाचें वाक्य ठरलेलें आहे: 'थांब, पोलिसाला देतें.' रस्त्यावर हवालदार दिसला कीं 'तो बघ, तुला न्यायला आला!' बिचाऱ्या हवालदाराला कल्पनाही नसते कीं, या इमारतींतल्या चार मजल्यांवर आपल्या नांवानें वरणभात भरविला जात आहे. हें आपण थट्टेनें करितों. परंतु मुलाच्या मनांत तें थट्टेनें उतरत नाहीं. पोलीस म्हणजे वाईट मुलांना नेणारा, हें ज्या मुलीच्या मनावर पांच वर्षें बिंबविलें, तिच्यापुढें सहाव्या वर्षीं 'पोलीस दीदी' येऊन म्हणते, 'तुला कोणी त्रास दिला तर मला सांग.' ती कशी सांगेल? तिच्या समजुतीप्रमाणें आधीं तिलाच नेतील! शाळेंत पोलीस असावा कीं नसावा याचा निर्णय सरकार कधीं घेईल तो घेवो. पण घरांत पोलिसाला बागुलबोवा करणें आपण आज रात्रीच्या जेवणापासून थांबवूं शकतों. उलट मुलाला १०९८ हा बालकांच्या मदतीचा क्रमांक आणि ११२ हा संकटकाळचा क्रमांक, पाढ्यांबरोबर पाठ करवावा. तो कशासाठीं आहे, हें आजोबांनीं मांडीवर घेऊन सांगितलें, तर भय राहणार नाहीं.

आतां त्या चौघांना चार शब्द. आजोबांना सांगावेंसें वाटतें कीं, विद्यामंदिरांत पोलिसानें वस्ती करूं नये हें आपलें म्हणणें खरें. पण मंदिरांत कोणीं लेंकराला हात लावला, तर घंटा वाजविण्यास कचरूं नये. धाकट्या दिरांनीं फाटकाबाहेरच्या शंभर यार्डांचा भार उचलावा. त्यांच्या उत्साहाला तेथें पुरेसें काम आहे. जाऊबाईंनीं शाळेंत 'सखी सावित्री' समिति आहे कीं नाहीं, तक्रारपेटी कोण उघडतें आणि किती दिवसांनीं उघडतें, हें पुढच्या सभेंत विचारावें. आणि पत्र लिहिणाऱ्या भगिनींनीं मुलाच्या दांडगाईची धास्ती घेऊं नये. त्याच्या वर्गशिक्षकांना भेटून एवढेंच म्हणावें, "याचें कांहीं चुकलें तर आधीं मला बोलवा." जी आई हें आधीं सांगून ठेवते, तिच्या मुलासाठीं पोलीस बोलावण्याची पाळी सहसा येत नाहीं.

संस्कृत पंडितांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरांतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. शाळेच्या बाबतींत पोलिसाची जागा मला तीच वाटते. त्याचा धाक बाहेरच्या टपरीवाल्याला आणि आंतल्या दुष्ट प्रौढालाही वाटावा, म्हणून तो उंबरठ्यावर हवा. बोलाविल्यास त्यानें तत्काळ आंत यावें. काम झालें कीं पुनः उंबरठ्यावर जावें. दिवा उचलून गादीवर ठेवला तर काय होतें, तें सांगावयास न्यायशास्त्र लागत नाहीं.